ब्रिगचे तीन सोनेरी घुमट: राजाचा किल्ला नव्हे, मिठाच्या मक्तेदाराचा वाडा

प्रश्न असा आला आहे: "मे महिन्यात झेरमाटला जाताना ब्रिग स्टेशनवर गाडी बदलली. गावाच्या छपरांवर कांद्याच्या आकाराचे तीन सोनेरी घुमट दिसत होते. गटातल्या कुणीतरी सांगितलं, राजाचा किल्ला आहे. एवढ्याशा गावात एवढा किल्ला कुठल्या राजाने बांधला? पुन्हा गेलो तर त्यासाठी अर्धा दिवस काढावा का?"

अर्धा दिवस जरूर काढा. जमलं तर पूर्ण दिवस काढा. पण राजा शोधू नका, तिथे राजा नव्हताच.

गेली बावीस वर्षं मी मराठी पर्यटकांचे गट घेऊन स्वित्झर्लंडला जातो. सुरुवातीची चार-पाच वर्षं मीही त्या घुमटांकडे बोट दाखवून "किल्ला" म्हणून मोकळा होत असे, कारण गाडी बदलायला मोजकी मिनिटं मिळतात आणि तेवढ्यात तेवढंच सांगता येतं. मग एका वर्षी दरड कोसळून पुढची गाडी रद्द झाली आणि अख्खी दुपार ब्रिगमध्ये काढावी लागली. गटात सांगलीचे एक वयस्कर आडते होते, आयुष्यभर हळदीच्या व्यापारात गेलेले. त्या इमारतीच्या चौकात उभं राहून त्यांनी चारी बाजूंच्या कमानी पाहिल्या, खालची रुंद दारं पाहिली आणि म्हणाले, "साहेब, हा किल्ला नाही. इथे माल उतरत असणार." त्यांचं बरोबर होतं. त्या दुपारपासून मी या इमारतीच्या मागे लागलो आणि आता तिथे नेलेल्या प्रत्येक गटाला आधी हेच सांगतो की वरचे घुमट नंतर बघा, आधी खालच्या वखारी बघा.

आता नीट सांगतो.

ब्रिग हे ऱ्होन नदीच्या वरच्या खोऱ्यातलं गाव, समुद्रसपाटीपासून साधारण ६८० मीटरवर. प्रांताचं नाव जर्मनमध्ये वालिस, फ्रेंचमध्ये वाले. गावाच्या दक्षिणेला डोंगराची भिंत आहे आणि त्या भिंतीत २००५ मीटर उंचीवर सिम्प्लॉनची खिंड. खिंडीपलीकडे गोंडोची अरुंद घळ उतरली की इटली. इटलीतलं मिलान आणि फ्रान्समधलं लियाँ ही त्या काळची दोन मोठी व्यापारी शहरं, आणि नकाशावर त्यांच्यामध्ये रेघ ओढली तर ती या खिंडीच्या आसपासून जाते. तरीही सतराव्या शतकाच्या आधी बराच काळ ही वाट मागे पडली होती. घळीतला रस्ता धोक्याचा होता, डागडुजी करणारं कुणी नव्हतं आणि व्यापारी दुसऱ्या खिंडींकडे वळले होते.

आज आपण स्वित्झर्लंड म्हणतो, पण त्या वेळी वालिस स्विस संघात नव्हता. तो १८१५ मध्ये आला. त्याआधी तिथे सियोंच्या बिशपची सत्ता आणि सात गावकी-प्रांतांची सभा यांच्यात सतत ओढाताण चाले. १६३४ मध्ये बिशपने राज्यकारभारावरचा हक्क सोडला आणि सातही प्रांतांचं छोटं प्रजासत्ताक उभं राहिलं. म्हणजे राजा नाही आणि दरबारही नाही. आहेत ते जमीनदार, नोटरी, पाद्री आणि गुरं राखणारे शेतकरी. अशा ठिकाणी हा वाडा बांधणारा माणूस होता कास्पार स्टॉकाल्पर.

जन्म १६०९, ब्रिगमध्येच. घराणं खाऊन-पिऊन सुखी आणि खिंडीच्या वाहतुकीत आधीपासून असलेलं. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या पाद्र्यांकडे शिक्षण झालं, थोडा काळ जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या विद्यापीठात गेला, मग गावी परत येऊन नोटरीचं काम. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. नोटरीच्या टेबलावर गावातलं प्रत्येक कर्ज, प्रत्येक वाटणी, प्रत्येक गहाणखत येतं. कुणाकडे काय आहे आणि कोण अडचणीत आहे, हे त्याला इतरांच्या आधी कळतं. शिवाय जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश आणि लॅटिन या पाच भाषांत तो व्यवहार करू शकत असे. खिंडीच्या दोन्ही बाजूंच्या माणसांशी दुभाष्याशिवाय बोलता येणं, हे त्या डोंगरात केवढं भांडवल असेल!

आणि वेळ त्याच्या बाजूने होती. १६१८ ते १६४८ युरोपात तीस वर्षांचं युद्ध चालू होतं. मिलान स्पेनच्या ताब्यात होतं आणि फ्रान्स स्पेनचा वैरी. पूर्वेकडच्या ग्राउबुंडेनमधल्या खिंडींसाठी दोघांचं सैन्य भिडत होतं, त्यामुळे त्या वाटेने माल पाठवणं म्हणजे जुगार. सिम्प्लॉन मात्र शांत. लढणाऱ्या दोन पक्षांच्या मधोमध एक तटस्थ खिंड, आणि तिच्या तोंडाशी पाच भाषा बोलणारा पंचविशीतला नोटरी. १६३४ मध्ये साव्हॉय घराण्यातली राजस्नुषा मारी द बूर्बाँ आपल्या लव्याजम्यासह ही खिंड ओलांडून गेली. तिला सुखरूप पलीकडे पोचवण्याची जबाबदारी स्टॉकाल्परने पार पाडली. एवढ्या मोठ्या घरची बाई हिमाच्या वाटेवरून नीट गेली, म्हणजे रेशमाच्या गाठोड्यांनाही काही होणार नाही, असं व्यापाऱ्यांनी समजायचं ते समजून घेतलं.

त्याने वाट दुरुस्त केली, खेचरं जाऊ शकतील अशी रुंद केली. ठिकठिकाणी वखारी बांधल्या, कारण खेचरांचे तांडे टप्प्याटप्प्याने चालत आणि प्रत्येक टप्प्यावर माल उतरवून, मोजून, पुढच्या गावच्या तांड्याकडे सोपवावा लागे. गोंडोच्या घळीत त्याने बुरुजासारखी भक्कम वखार उभी केली. खिंडीच्या माथ्याजवळ मनोऱ्याची एक उंच इमारत बांधली, तिचं नाव आल्टर श्पिट्टल. वाटसरूंना तिथे आसरा मिळे आणि उन्हाळ्यात तो स्वतः राही. लोक सांगत, मिलान ते लियाँ प्रवासात हा माणूस रोज रात्री स्वतःच्याच छपराखाली झोपू शकतो. यात अतिशयोक्ती धरली तरी गावकऱ्यांच्या नजरेत तो कुठे पोचला होता ते कळतं.

पण खिंडीच्या वाहतुकीवर एवढा वाडा उभा राहिला नसता. खरा पैसा मिठात होता.

मीठ म्हटल्यावर आपल्याला जेवणातली चिमूट आठवते. आल्प्समध्ये मिठाचा अर्थ वेगळा होता. तिथलं सगळं जगणं गुरांवर. गुरांना मीठ चाटायला लागतं, चीज मिठाशिवाय टिकत नाही, हिवाळ्यासाठी मांस खारवून ठेवावं लागतं. आणि वालिसमध्ये पुरेसं मीठ पिकत नव्हतं. ते भूमध्य समुद्राच्या फ्रेंच किनाऱ्यावरून, बर्गंडीकडून किंवा इटलीच्या बाजूने आणावं लागे. शेजारच्या सत्तांना हे पक्कं ठाऊक होतं. स्वस्त मीठ द्यायचं आणि बदल्यात खिंडीतून वाट आणि लढायला पोरं मागायची, हा तेव्हाचा राजकारणाचा सरळ हिशेब होता. १६४७-४८ च्या सुमारास प्रजासत्ताकाने मिठाचा मक्ता स्टॉकाल्परला दिला आणि पुढची तीस वर्षं खोऱ्यातल्या प्रत्येक गोठ्याची दोरी त्याच्या हातात आली.

मिठाच्या जोडीला बाकीचं सगळं आलं. फ्रान्सच्या सेवेत भाड्याचे शिपाई पुरवणं, गांटर दरीतलं लोखंड, लोचेनटालमधलं शिसं, गोंडोजवळची सोन्याची खाण. १६५१ ते १६५९ या काळात त्याने जिनिव्हा सरोवराजवळ, व्हुव्री आणि कोलोम्बे या गावांच्या दरम्यान एक कालवा खोदून घेतला, मिठाच्या होड्या आत आणता याव्यात म्हणून. तो कालवा आजही आहे आणि त्याचंच नाव लावतो. शेतकऱ्यांना कर्ज द्यायचं, फिटलं नाही की जमीन लिहून घ्यायची, हेही चालू होतं. त्याचं एक लॅटिन वचन सांगतात, त्याचा अर्थ "जमिनीशिवाय घट्ट काही नाही." दुसरं ब्रीद तर फारच बोलकं आहे: "सोस्पेस लुक्रा कार्पात". ज्याच्यावर देवाची कृपा, त्याने नफा खुडून घ्यावा, असा त्याचा साधारण अर्थ. गंमत अशी की कास्पारुस स्टोकाल्पेर या त्याच्या लॅटिन नावाचीच अक्षरं फिरवून हे ब्रीद तयार केलं आहे. मी एकदा हॉटेलच्या खोलीत कागदावर सतराही अक्षरं मांडून पडताळून पाहिली, एकही कमी-जास्त नाही.

या सगळ्या पैशातून १६५८ ते १६७८ या वीस वर्षांत वाडा उभा राहिला. मी मुद्दाम वाडा म्हणतो. जर्मनमध्ये त्याला श्लोस म्हणतात आणि आपण लगेच किल्ला असं भाषांतर करतो, पण इथे खंदक नाही, तोफांसाठी तट नाही. मधे चौक, चौकाच्या कडेने कमानींचे सोपे, आणि मुख्य राहती इमारत एका बाजूला, अशी रचना आहे. मराठी माणसाला ती सांगावी लागत नाही, पाय आत पडताच कळते. कमानींच्या रांगा एका बाजूला दोन मजली आहेत, दुसरीकडे तीन मजली, कारण जमीन उताराची आहे आणि बांधणाऱ्यांनी तो उतार सांभाळून घेतला आहे. खांबही सगळे एका साच्यातले नाहीत. ही कमानींची पद्धत इटलीची, छपरं आणि भिंतींचा जाडपणा मात्र डोंगरी. जी वाट माल आणत होती, त्याच वाटेने गवंडीकामाच्या कल्पनाही आल्या.

चौकाच्या कडेने तीन मनोरे उभे आहेत. त्यांची नावं कास्पार, मेल्खिओर आणि बाल्थासार, म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेले तीन ज्ञानी राजे. तिन्हींत सर्वात मोठा मनोरा कास्पार नावाचा, आणि मालकाचं नावही कास्पार. धर्माची आठवण आणि स्वतःचं नाव एकाच दगडात कोरून घेण्याची ही रीत मला थोडी अस्वस्थ करते, पण ती त्या माणसाला शोभते. वाड्यातलं छोटं प्रार्थनागृहही तीन राजांचंच आहे आणि तिथली चांदीची वेदी ऑग्सबर्गच्या कारागिराने घडवलेली आहे. शेजारचं जुनं घर सोळाव्या शतकातलं, त्याच्या पूर्वजांचं. नवा वाडा त्याने त्या घराला जोडून घेतला, जुनं पाडलं नाही.

तळाशी मात्र वखारी आहेत. जाड भिंतींचे, थंड, कमानदार कोठे. जुना सिम्प्लॉन रस्ता वाड्याच्या अगदी बाजूने जातो. खिंडीतून उतरलेला माल वाड्यातून गेला काय आणि वाड्याबाहेरून गेला काय, मालकाच्या नजरेखालून गेल्याशिवाय सुटका नव्हती. वर राहायचं, खाली माल ठेवायचा आणि दारातून रस्ता. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या पेठेतल्या व्यापाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की याने त्याच्यावर सोनेरी घुमट चढवले.

या माणसाची एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खेचते, ती म्हणजे त्याच्या वह्या. त्याने आयुष्यभर हिशेब स्वतः लिहिला, एका पानावर दोन-तीन भाषा मिसळून. आजच्या संशोधकांनी त्या वह्या वाचून, लावून अनेक खंडांत छापल्या. कुणाला किती मीठ गेलं, खेचरवाल्याला काय दिलं, कुठला दगड कुठून आला, कुणाकडे किती येणं आहे, सगळं त्यात आहे. सतराव्या शतकातल्या राजांबद्दल ढीगभर वाचायला मिळतं, पण मजूर, गवंडी, तांडेवाले, कर्जात बुडालेला शेतकरी यांची नोंद अशी रोजच्या रोज क्वचितच सापडते. वाड्यातच आल्प्सच्या इतिहासाचं संशोधन करणारी संस्था आहे आणि या कागदांवर तिथे काम होतं. पर्यटकांना खजिन्याच्या दंतकथा सांगणारे पुष्कळ भेटतात. माझ्या मते या वह्या हाच खरा खजिना.

आता पडझडीकडे. १६५३ मध्ये पवित्र रोमन साम्राज्याच्या सम्राट तिसऱ्या फर्डिनांडने त्याला सरदारकी दिली होती. १६७० मध्ये तो प्रजासत्ताकाचा मुख्य कारभारी झाला. म्हणजे मीठ विकणारा तोच आणि मिठाचा करार मंजूर करणाऱ्या सभेचा प्रमुखही तोच. जेझुइटांना ब्रिगमध्ये शाळा काढून देणं, उर्सुलाईन जोगिणींना जागा देणं अशी कामं त्याने १६६० च्या दशकात केली आणि ती शाळा आजही चालते. पण बाकीच्या मातब्बर घराण्यांच्या डोळ्यांत तो सलू लागला होता. त्यातली बरीच त्याची देणेकरी होती, हे विसरू नका. १६७८ मध्ये त्यांनी एकत्र येऊन त्याला खाली खेचलं. राज्याशी द्रोह, पदाचा गैरवापर, मिठाच्या व्यवहारातला घोळ असे आरोप ठेवले. पदं गेली, मक्ता गेला, जबर दंड बसला. पुढच्या वर्षी, १६७९ मध्ये, सत्तरीचा स्टॉकाल्पर जीव वाचवायला पळाला. वाट एकच होती. स्वतः रुंद केलेल्या त्या खिंडीतून, स्वतःच्या वखारींवरून तो पलीकडे दोमोदोस्सोलाला गेला, स्पॅनिश मिलानच्या आश्रयाला.

न्याय झाला की सूड उगवला? गटात हा प्रश्न हमखास येतो. मला दोन्ही दिसतं. एका हातात व्यापार, सत्ता आणि सावकारी एकवटली की सामान्य माणसाचं काय होतं, ते त्याच्या स्वतःच्या वह्याच सांगतात, तेव्हा त्याला निर्दोष म्हणणं मला जमत नाही. पण त्याला पाडणारे काही गरिबांच्या कळवळ्याने आले नव्हते. त्याच्या मालमत्तेतला वाटा त्यांना हवा होता.

१६८५ मध्ये बिशपपुढे निष्ठेची शपथ घेऊन तो परत आला. याच वाड्यात २९ एप्रिल १६९१ रोजी वारला. आतली सजावट तोवर अपुरीच राहिली होती. बाहेरून एवढं भव्य आणि आत अनेक दालनं साधी, असं का, याचं उत्तर या शेवटच्या वर्षांत आहे.

त्यानंतरचं थोडक्यात. नेपोलियनने तोफा नेण्यासाठी १८०१ ते १८०५ या काळात खिंडीतून गाडीरस्ता काढला आणि खेचरांची वाट ओस पडली. १९०६ मध्ये जवळजवळ २० किलोमीटर लांबीचा सिम्प्लॉन रेल्वे बोगदा सुरू झाला, जो १९८२ पर्यंत जगातला सर्वात लांब रेल्वे बोगदा होता. आज अर्ध्या तासात गाडी दोमोदोस्सोलाला पोचते. वाडा घराण्याच्या पुढच्या पिढ्यांकडे होता. १९४८ मध्ये तो गावाने विकत घेतला आणि पुढे त्याची मोठी दुरुस्ती झाली. आता तिथे नगरपालिकेची कचेरी आहे, न्यायालय आहे, संग्रहालय आहे, मोठ्या दालनात लग्नंही लागतात. वाडा वापरात असल्यामुळे जिवंत वाटतो, दोरी बांधलेल्या खोल्यांची रांग होत नाही. मला ही गोष्ट फार आवडते.

डोंगराशी हिशेब मात्र अजून चालू आहे. २४ सप्टेंबर १९९३ रोजी साल्टीना नदीने आणलेला दगडगोट्यांचा ढीग पुलाखाली अडकला आणि पाणी, चिखल, दगड गावात शिरले. दोन जणांचा जीव गेला, स्टेशनकडचा भाग गाळात बुडाला. त्यानंतर पाणी वाढलं की आपोआप वर उचलला जाणारा पूल बांधला. १४ ऑक्टोबर २००० रोजी गोंडोत दरड कोसळून १३ जण गेले आणि स्टॉकाल्परच्या त्या बुरुजासारख्या वखारीचाही मोठा भाग ढासळला. गावाने ती पुन्हा उभारली.

तर पुढच्या वेळी काय करायचं? झेरमाटच्या गाडीतून उतरून सामान स्टेशनवर ठेवा. स्टेशनसमोरच्या रस्त्याने चढत सेबास्टियन चौकात या. तिथे शावेझ या वैमानिकाचं स्मारक-कारंजं आहे. १९१० मध्ये त्याने इथूनच पहिल्यांदा विमानाने आल्प्स ओलांडला आणि दोमोदोस्सोलाला उतरताना झालेल्या अपघातात त्याचा अंत झाला. तिथून वाडा पाच मिनिटांवर. चौकात जायला तिकीट लागत नाही. आतली दालनं पाहायची तर उन्हाळ्यात मार्गदर्शकासोबत फेरी असते, वेळा स्टेशनजवळच्या पर्यटन कार्यालयात विचारा. दुपारी ऊन कमानींच्या आत येतं तेव्हा चौकात अर्धा तास नुसतं बसा. मागच्या बाजूला बाग आहे, मुलं असतील तर तिथे सोडा.

आणि वेळ उरला तर स्टेशनवरून पिवळी पोस्ट-बस पकडून खिंडीवर जा. पाऊण तास लागतो. वाटेत गांटरचा उंच पूल लागेल, १९८० मध्ये पूर्ण झालेला, ६७८ मीटर लांब. चांगले पाय असतील त्यांना ब्रिगपासून गोंडोपर्यंत जुनी खेचरवाट चालता येते, तिला स्टॉकाल्परचंच नाव आहे. बसने गेलात तर माथ्यावर उतरून थोडं खाली, कुरणाच्या मधोमध, एकटी उभी असलेली आल्टर श्पिट्टलची उंच इमारत बघा. ती बाहेरून पाहिली तरी पुरे. जून-जुलैमध्ये तिच्याभोवती गुरं चरत असतात आणि त्यांना चाटायला मिठाचे खडे ठेवलेले दिसतात.